बटण वेळेवर दाबलं होतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापुढे नाही, लेकीपुढे नाही, जिच्या शेजारी बसून अकरा वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या त्या मैत्रिणीपुढेही नाही. तुमच्यापुढे का काढते आहे — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखत असलात तर इतकंच, की कधी सोलापूरहून टेंभुर्णीकडे जाताना हायवेलगतच्या एका पार्कात उतरला असाल, रोलर कोस्टरच्या रांगेत उभे राहिला असाल, आणि निळी टोपी घातलेल्या एका बाईनं तुमच्या मांडीवरची लोखंडी दांडी ओढून पाहिली असेल. ती मी. माझं नाव शालन.

रांगेत फार वेळ गेला असेल ना? मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील. दिल्या असतील तर त्या योग्य ठिकाणी पोचल्या असं समजा.

आधी हे कोस्टर चालतं कसं, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला माझी चूक फार साधी वाटेल, आणि मला ती साधी वाटायला नको आहे. गाड्या दोन, एक लाल, एक पिवळी. एकेका गाडीत वीस माणसं. सगळ्यांच्या दांड्या तपासून झाल्या की प्लॅटफॉर्मवाल्यानं बटण दाबायचं, मग गाडी सुटते. लाल गाडी वर चढून, खाली कोसळून, वळणं घेऊन परत येते, तेवढ्या वेळात पिवळी भरून सुटली पाहिजे. ती सुटलीच नाही तर लाल गाडीला आत यायला जागा नाही. मग ती प्लॅटफॉर्मच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर, आपोआप थांबते. दुमजली घराएवढ्या उंचीवर. थोडा वेळ थांबली तर काही बिघडत नाही, लोकांना तो खेळाचाच भाग वाटतो. पण त्याहून जास्त वेळ गेला की यंत्राला वाटतं काहीतरी चुकलं. भोंगा वाजतो आणि दोन्ही गाड्या बंद. मग मेकॅनिकनं बाजूच्या जाळीच्या जिन्यानं वर जायचं, ब्रेक हातानं सोडवायचा, लोकांना धीर द्यायचा, खाली येऊन सगळं पहिल्यापासून चालू करायचं. अर्धा तास सहज जातो. मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात, तापल्या सीटवर, मांडीवर दांडी — अर्धा तास.

म्हणजे गाडी पुढे जायची की अडायची, हे प्लॅटफॉर्मवरच्या माणसाच्या हातात असतं. तो भराभर माणसं बसवतो की रेंगाळतो, यावर.

मला हे पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. मी मठ्ठ नव्हते. नव्हतं समजलं असं म्हणायची सोयही मला नाही.

आता अप्पांविषयी सांगते. शिवशरण अप्पा, आमचे मेकॅनिक. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. तिथून म्हातारपणी या पार्कात आले. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि मशीनशी कुठल्या भाषेत बोलायचे देव जाणे. मला ‘तंगी’ म्हणायचे. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मला वाटलं माझ्या परिस्थितीवर बोलताहेत, आणि मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी त्यांनीच अर्थ सांगितला आणि डब्यातली शेंगाचटणी पुढे केली. मला भाऊ नाही. त्यांना बहीण नव्हती. तेवढ्यावर जमलं.

मागाच्या खडखडाटात उभी हयात काढलेल्या माणसाचे कान बहुतेक जातात. आमच्या गल्लीत अशी कितीतरी माणसं आहेत. बायका त्यांच्याशी हातवारे करून बोलतात, नातवंडं त्यांच्या पाठीमागे उभी राहून हसतात. अप्पांचे कान मात्र शाबूत होते. पहिल्या दिवसापासून कानात सुताचे बोळे घालून काम केलं, असं ते सांगायचे. बाकीचे जॉबर हसायचे त्यांना, बायकी म्हणायचे. ‘हसनारे सगळे भैरे झाले की,’ अप्पा म्हणायचे, ‘अन् मी अजून मुंगी चालली तरी सांगतो.’ या एका गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान. बाकी माणूस असा, की चहाचा कपसुद्धा आधी दुसऱ्यापुढे सरकवणार.

रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी ते कोस्टरची रिकामी गाडी फिरवायचे आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यंत्राभोवती हिंडायचे. टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मागावरची सवय. आत कुठला दाता झिजलाय, कुठं तेल कमी पडलंय, सगळं त्यांना त्या मुठीतून कळायचं. ‘मशीन बोलतंय की. ऐकनारा पायजे.’ ते बोलायचे तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

सांगते. येतेच आहे तिथे.

मला लोकांना थांबवायला आवडायचं.

एवढंच आहे ते. इतकी वर्षं गिळून ठेवलेलं, एका ओळीत मावणारं. मी हाताचा पंजा वर केला की चाळीस माणसं जागच्या जागी उभी राहायची. गॉगलवाली, मोठ्या गाड्यांतून आलेली, लेकरांशी इंग्रजीत बोलणारी. मी मान हलवल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. जन्मभर मला सगळ्यांनी थांब म्हटलेलं. रेशनच्या दुकानात थांब. सरकारी दवाखान्यात केसपेपर हातात धरून थांब. कारखान्याच्या फाटकाशी थांब, साहेब जेवताहेत. आणि एके दिवशी डोक्यावर टोपी आली नि मी म्हणाले, थांबा. तर थांबले की सगळे. काय वाटलं म्हणून सांगू? पोटात गार वाटलं.

हे सबब म्हणून सांगत नाही. माझ्याहून जास्त थांबलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांनी कुणाला उन्हात टांगून ठेवलं नाही.

पहिल्यांदा घडलं ते एका बाईमुळे — नाही, बाईमुळे नाही. माझ्यामुळे. बाईनं फक्त चुटकी वाजवली. ‘ए, आवर ना, किती वेळ.’ एवढंच. पिवळ्या गाडीत पहिल्या सीटवर बसलेली, मांडीवर पर्स. मी उलटून बोलले नाही. गरजच नव्हती. पहिल्या सीटपासून शेवटपर्यंत दांड्या तपासल्या. मग पुन्हा तपासल्या. तिची दांडी सोडली, पर्स बाहेरच्या कप्प्यात ठेवायला लावली, दांडी परत लावली. सगळं नियमाप्रमाणे. नियमाला कोण नाव ठेवणार? लाल गाडी वरच्या वळणावर येऊन थांबली होती आणि ते मला दिसत होतं. पुन्हा लिहिते, दिसत होतं. वेळ टळत चालल्याचंही समजत होतं. आणि मी तिसऱ्यांदा पहिल्या सीटपाशी गेले.

भोंगा वाजला. मी दोन ढांगांत बटणापाशी पोचले.

मॅनेजर धावत आला तेव्हा माझा अंगठा बटणावर होता. ‘काय झालं, शालन?’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘बटण येळेवर दाबलं व्हतं साहेब. गाडीच हलली न्हाय.’

घाबरून बोलले म्हणावं, तर तसंही नव्हतं. अगदी शांतपणे बोलले. बिघाडाच्या वहीत कारण लिहायचं काम प्लॅटफॉर्मवाल्याचं असतं. मी लिहिलं, यांत्रिक. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे.

अप्पा वरून उतरले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. वीस माणसांसमोर एकेक करून हात जोडून आले होते ते, प्रत्येकाला ‘माजी चूक हाय, माफ करा’ म्हणत. ही त्यांची पद्धत. यंत्र बिघडलं म्हणजे मेकॅनिकची चूक, मग कारण काही असो. माझ्यापाशी येऊन त्यांनी एकच विचारलं.

‘तंगी, बटण दाबल्यावर गाडीनं उचल घेतलीच न्हाय?’

‘न्हाय अप्पा.’

‘मग माज्याकडंच कायतरी हाय,’ असं म्हणून ते यंत्राकडे गेले.

त्यांचा माझ्यावर विश्वास होता, असं मी म्हणणं हीसुद्धा फुशारकी होईल. खरं सांगायचं तर माणूस खोटं बोलत असेल हे त्यांना सुचायचंच नाही. त्यांना फक्त यंत्र बिघडेल एवढं सुचायचं.

एकदा झालं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. पण गोडी लागली. त्या उन्हाळ्यात, मग दिवाळीच्या सुटीत, मग पुढच्या उन्हाळ्यात. कधी कुणी टोपीवरून चिडवलं म्हणून. कधी कुणी मला न विचारता पुढची सीट पकडली म्हणून. आणि — इथे हात अडतो — काही वेळा काहीच कारण नसताना. नुसतंच रेंगाळायचं, वर अडकलेल्या गाडीकडे बघायचं, लोकांचे चेहरे बघायचे. भोंग्याच्या आधीच्या त्या थोड्या वेळात सगळा पार्क माझ्या अंगठ्यापाशी येऊन उभा आहे असं वाटायचं. मग भोंगा, मग बटण, मग तेच वाक्य. वाक्य पाठ झालं होतं. बोलून बोलून मलाही ते कधीकधी खरं वाटे.

एकदा वर अडकलेल्या गाडीत बार्शीकडची एक म्हातारी होती. नातवंडांच्या हट्टापायी बसलेली. उन्हानं तिला चक्कर आली. अप्पांनी तिला पाठीवर घेऊन जाळीच्या जिन्यानं खाली आणलं. साठी ओलांडलेला माणूस. एकेक पायरी बघत, तिच्याशी बोलत बोलत. खाली आल्यावर ते पायरीवरच बसले आणि तिला पाणी मीच पाजलं. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी तो फिरवून घेतला.

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी तरी थांबली असेल. महिनाभर थांबले. मग पुन्हा.

इकडे अप्पांनी यंत्र खोलायला सुरुवात केली होती. सोमवारी पार्क बंद, त्या दिवशीही यायचे. गाडीला ढकलणारी रबरी चाकं बदलली. मोटार उतरवली, चढवली. वायर न् वायर तपासली. मध्येच येणारा आणि आपोआप जाणारा बिघाड शोधणं सगळ्यात अवघड, असं ते म्हणायचे. तो सकाळी कधी यायचा नाही. रिकाम्या गाडीला यायचा नाही. अप्पा स्वतः प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहिले की यायचा नाही. हे त्यांनी मला सांगितलं होतं, याच शब्दांत, आणि तरी त्यांना काही दिसलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. तो कळसा मी होते, त्यांच्या डब्यातली भाकरी खात शेजारी बसलेली.

आता खरं ते येतं. लोकांना थांबवलं, वहीत खोटं लिहिलं, हे सगळं याच्यापुढे काहीच नाही. एवढंच केलं असतं तर मी बहुधा हे लिहायलाही बसले नसते.

एका सकाळी अप्पांनी मला यंत्राच्या खोलीत बोलावलं. रिकामी गाडी फिरत होती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर यंत्राला टेकवलेला होता. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. म्हणाले, ‘तंगी, जरा तू ऐक. माजं डोकं चालंना आता.’ आणि मूठ माझ्या कानाला लावली.

आतून सरळ, एकसारखा आवाज येत होता. गिरणीत चांगलं जातं फिरतं ना, तसा. कुठे खडखड नाही, कुठे अडखळ नाही. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण हे कुणालाही कळलं असतं. यंत्र ठणठणीत होतं. अप्पांनी ते सोन्यासारखं ठेवलेलं होतं.

त्यांनी विचारलं, ‘काय येतंय ऐकू?’

मी काय म्हणाले असेन? मनात एकच आलं, यांनी यंत्राला निर्दोष ठरवलं तर उरतं कोण? उरते मी. दुसरं काही मनात आलं नाही. अप्पा आले नाहीत.

‘घरघर येतीय की अप्पा,’ मी म्हणाले. ‘बारीक हाय, पण येतीय.’

त्यांनी घाईनं मूठ स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. मग पुन्हा माझ्या कानाला. ‘अजून येतीय?’ ‘व्हय.’ पुन्हा त्यांच्या. त्या माणसाचा चेहरा कसा होत गेला ते मी पाहिलं आहे. मी समोरच उभी होते. त्यांना घरघर ऐकू येत नव्हती, कारण ती नव्हतीच. पण त्यांनी त्यातून काय काढलं? की जे सगळ्या जॉबरांचं होतं ते शेवटी आपलंही झालं. तीस वर्षं बोळे घालून जपलेले कान गेले.

‘मला येत न्हाय, तंगी,’ ते म्हणाले. इतकं हळू, की मलाच पुढे वाकावं लागलं.

त्या वेळी ‘नाही अप्पा, मलाही नाही येत’ म्हणायला किती श्वास लागला असता? मी म्हणाले, ‘डाक्टरला दावा की.’

त्यांनी दाखवलं. सून घेऊन गेली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. ही गोष्ट अप्पांनीच मला येऊन सांगितली. मला वाटलं, सुटले. ते सुटले, मीही सुटले. पण त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘डाक्टरला मशीनचं काय कळतंय? तुला ऐकू आलं, मला न्हाय आलं. ह्याच्यापुढं आनि काय तपासायचं?’ डॉक्टरपेक्षा त्यांनी माझं खरं धरलं.

त्यानंतरचे अप्पा वेगळे होते. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचे आणि लगेच खाली घ्यायचे. कुणी हाक मारली तर एकदम दचकून वळायचे, उशिरा तर ऐकू आलं नाही ना, अशा नजरेनं. मी मात्र त्या दिवसापासून एकदाही रेंगाळले नाही. भीती वाटली असेल, लाज वाटली असेल, काय ते मला सांगता येत नाही. पण त्याचा अप्पांना काही उपयोग झाला नाही. भोंगा वाजला नाही तरी ते त्याची वाट बघत असत.

थोड्याच दिवसांत ते पार्कच्या मालकाच्या, शेठच्या केबिनमध्ये गेले. मला सोबत नेलं. त्या खोलीत मी होते, म्हणून त्यांचे शब्द मला जसेच्या तसे माहीत आहेत. ‘कान गेलेल्या मानसानं लोकांच्या जिवाशी खेळू नये, शेठ. उद्या खरंच कायतरी तुटायला आलं अन् मला ऐकू न्हाय आलं तर? मला मोकळं करा.’ शेठनं दोनदा राहा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गाडी अडकल्याचे व्हिडिओ लोकांनी फिरवले होते, त्याचा दोष घेऊनही कुणीतरी जायला हवंच होतं.

निरोपाला नारळ होता, शाल होती, पेपरच्या बश्यांत चिवडा आणि पेढा होता. मॅनेजर म्हणाला, शालन, तू दोन शब्द बोल, तुझा लळा जास्त. सगळे माझ्याकडे बघत होते. अप्पाही. पुन्हा एकदा सगळे माझ्यासाठी थांबले होते. आणि मी बोलले. चांगलं बोलले. अप्पांसारखा प्रामाणिक माणूस पाहिला नाही म्हणाले, त्यांनी यंत्राला लेकरासारखं जपलं म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच आलं होतं, त्याचं काय करायचं ते मला आजही समजत नाही. अप्पांनी शालीनं डोळे पुसले.

आता यापुढचं ऐका, कारण हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. अप्पा गेले, नवा मेकॅनिक आला. गाडी काही अडकेना. महिना गेला, सुटीचा मोसम गेला, भोंगा नाही. अडकणार कशी? मी वेळेवर सोडत होते. मला वाटत होतं, निदान आता तरी मी नीट वागते आहे. आणि एका दुपारी मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, ‘बघा, म्हातारा गेला आणि कटकट मिटली. म्हणजे प्रॉब्लेम त्याच्याच कामात होता.’ सगळ्यांनी माना हलवल्या. नव्या मेकॅनिकनं तर छाती फुगवली. माझं सुधारणंच अप्पांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं होतं. मी जितकी सरळ वागेन तितके ते दोषी ठरत होते. त्यांना सोडवायचं तर एकच वाट होती, तोंड उघडायचं. माझी बढती झाली. प्लॅटफॉर्मवर नव्याने येणाऱ्या मुलींना आता मीच शिकवते. गाडी भराभर कशी भरायची, हे.

अप्पा मला पुन्हा भेटले ते नव्या पेठेत. सणाच्या आधीची गर्दी, मी लेकीसाठी ड्रेसचं कापड बघत होते. मागून हाक आली, ‘तंगी.’ सून बरोबर होती, हातात पिशव्या. वाळले होते. सून बोलली की ते कानामागे तळहात धरून पुढे वाकत होते, जसं आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं वाकतात. ‘लेकानं कानाची मशीन आनली,’ त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती डबी काढून दाखवली. ‘पन घातली की लई गलका हुतोय बग. डोकं उठतंय. खिशातच ठेवतो.’ गलका होणारच. चांगल्या कानात घातली तर होणारच.

मग त्यांनी विचारलं, ‘गाडी आता बंद पडती का?’

‘न्हाय अप्पा.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले, आणि खरंच बरं वाटलं त्यांना. ‘लोकांचे हाल वाचले. म्हंजे माज्याच कानाचं व्हतं. येळेत सोडलं ते बेस केलं.’

सुनेनं रिक्षाला हात केला. रिक्षा गर्दीतून वाट काढत आली आणि आमच्यापाशी थांबली. सून बसली. अप्पा चढता चढता थांबले. मान एका बाजूला कलती केली, डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून, चोरी पकडली जाईल अशा भीतीनं, हळू आवाजात म्हणाले, ‘तंगी, येताना मागच्या चाकात कायतरी वाजल्यावानी वाटलं. का माजंच?’

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. भोंगे, फेरीवाले, दुकानांतली गाणी — त्यात चाकाचा आवाज कुणाला येणार? पण मला वाटलं, एवढं तरी द्यावं त्यांना. म्हणून मी म्हणाले, ‘व्हय अप्पा. वाजलं की. मीबी ऐकलं.’

रिक्षावाला कुरकुरत उतरला. ‘कुच नै काका, नवी गाडी है,’ म्हणत मागच्या चाकापाशी बसला, हातानं चाचपलं. चाकाचा एक नट निघायला आला होता. बोटांनीच फिरत होता. त्यानं पाना काढून आवळला, उठला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, तुमचे कान लई तेज हायेत.’

अप्पांचा चेहरा उजळला. मला वाटलं, आता म्हणतील, मी आधी ऐकलं. पण तसं त्यांच्या मनातही आलं नाही. ते त्या रिक्षावाल्याला कौतुकानं सांगत होते, ‘आमची तंगी हाय ती. तिला सगळं ऐकू येतंय. म्हनून तर एवढी मोठी गाडी तिच्या भरवशावर सोडून आलो.’

मी लाजल्यासारखं हसले. मग त्यांच्या दंडाला धरून त्यांना रिक्षात बसवलं आणि सावकाश जा म्हणाले.